आधी गिअरबॉक्स ओळखा

ट्रकच्या आरसीवर चेसिस नंबर असतो, इंजिन नंबर असतो. गिअरबॉक्सचा नंबर नसतो. इंजिन बदललं तर आरटीओत नोंद करावी लागते, नाहीतर पासिंगला गाडी अडते. गिअरबॉक्स मात्र चार वेळा बदलला तरी कागदावर त्याची खूण राहत नाही. गाडी एका मालकाकडून दुसऱ्याकडे जाते, जुना ड्रायव्हर सुटतो, ज्या मिस्त्रीने बॉक्स बसवला त्याचं गॅरेज बंद होतं, आणि गाडीखाली नेमकं काय लटकतंय हे सांगणारा कुणी उरत नाही. मग आपल्याकडे गाडी येते, मालक म्हणतो, “गिअर सुटतो, सिंक्रो रिंगा टाकून द्या.” आपण मॉडेल विचारतो, तो १६१३ सांगतो, आपण १६१३ च्या रिंगा मागवतो. रिंगा येतात, बॉक्स उघडतो, आणि त्या बसत नाहीत.

खान्देशात हे इतर ठिकाणांपेक्षा जास्त घडतं, आणि त्याला कारणं आहेत. धुळ्यात मुंबई-आग्रा रस्ता आणि सुरत-नागपूर रस्ता एकमेकांना छेदतात. कुर्ल्याच्या बाजारातला जुना माल आग्रा रोडने वर येतो, दिल्लीच्या मायापुरीतला त्याच रस्त्याने खाली उतरतो. रावेर-सावद्याहून केळी घेऊन उत्तरेला गेलेली गाडी वाटेत बसली, तर तिकडे मिळेल तो बॉक्स चढवून परत येते, कारण केळी थांबत नाही. शिवाय अमळनेर, पारोळा, शिंदखेडा भागात उन्हाळ्यात पाण्याचे टँकर लागतात. लांबच्या फेऱ्यांतून निवृत्त झालेली गाडी टँकर होते, तिला पंप चालवायला पीटीओ हवा असतो, म्हणून पीटीओची खिडकी असलेला बॉक्स कुठून तरी आणून टाकला जातो. यात कुणाचा अप्रामाणिकपणा असतोच असं नाही. गाडी चालती ठेवण्याची ती गरज होती. चूक एवढीच की काय बसवलं हे कुणी लिहून ठेवलं नाही.

टाटांच्या जुन्या गाड्यांची नावं बोलकी आहेत. १९५४ साली डेमलर-बेन्झशी करार झाला, १९६९ पर्यंत तो चालला, आणि त्या घराण्यातून पुढे १२१०, १६१२, १६१३ या गाड्या आल्या. १६१३ म्हणजे सुमारे सोळा टन एकूण वजन आणि सुमारे एकशेतीस अश्वशक्ती. इंजिनाचं ‘सिक्स नाइन्टी सेव्हन’ हे नावही माहिती देतं. सहा सिलिंडर, ९७ मिलिमीटर बोअर. ‘फोर नाइन्टी सेव्हन’ म्हणजे तसाच बोअर, चार सिलिंडर. गिअरबॉक्स एवढा सरळ बोलत नाही. ४०७ आणि ७०९ चा जीबीएस २७ आणि १६१३ चा जीबीएस ४० यांतला फरक आकारावरूनच कळतो. पण एकाच आकाराच्या दोन बॉक्समध्ये दातांची संख्या वेगळी, इनपुट शाफ्टच्या स्प्लाइन वेगळ्या, एकात पाचवा गिअर डायरेक्ट तर दुसऱ्यात सहावा ओव्हरड्राइव्ह, हे बाहेरून कळत नाही. पत्र्याची पट्टी रिव्हेट केलेली असते ती बहुधा गळून गेलेली असते. हौसिंगवरचा कास्टिंग नंबर डिझेलने धुऊन, वायर ब्रशने घासून वाचावा, पण तो त्या ओतीव तुकड्याचा नंबर आहे एवढं ध्यानात ठेवावं. आतला संच दुसऱ्या बॉक्सचा असू शकतो.

म्हणून आधी गाडीच वाचावी. पिटमध्ये उतरून क्रॉस मेंबर पाहा. मूळ भोकांशेजारी गॅसने पाडलेली नवी भोकं दिसली, सेंटर बेअरिंगचा ब्रॅकेट पुढे-मागे सरकवलेला दिसला, प्रोपेलर शाफ्टवर कापून वेल्डिंग केल्याची गोल रेघ दिसली, तर बॉक्सची लांबी बदललेली आहे. वेल्डिंग केलेला शाफ्ट बॅलन्स केला होता का, हा पुढचा प्रश्न. गिअर लिव्हर तापवून वाकवलेला असतो, केबिनच्या फरशीवर जास्तीचा पत्रा मारलेला असतो, क्लचच्या लिंकेजमध्ये घरी बनवलेला तुकडा असतो. मीटरची केबल लोंबकळत असेल किंवा मीटर वेड्यासारखा दाखवत असेल तर स्पीडोमीटरचा पिनियन या गाडीचा नाही.

आणि मग मोजावं. बॉक्स खाली उतरवलेला असेल तर जुन्या क्लच प्लेटचा हब इनपुट शाफ्टवर चढवावा, तो हाताने फिरवायला उत्तम मूठ होतो. आउटपुट फ्लॅन्जवर खडूची खूण करून पहिला गिअर टाकावा. फ्लॅन्जचे दहा फेरे होईपर्यंत इनपुटचे पंचाहत्तर झाले तर पहिला गिअर साडेसातास एक. असं प्रत्येक गिअरचं मोजावं, रिव्हर्सचंही. एका वहीत पाच-सहा आकडे उतरतात, आणि पार्टवाल्याशी बोलताना ‘१६१३ चा’ या शब्दांपेक्षा हे आकडे फार उपयोगी पडतात. वरचं झाकण उघडलेलं असेल तर दात मोजावेत, म्हणजे शंकाच राहत नाही. बॉक्स गाडीवरच असेल तर प्रोपेलर मागच्या फ्लॅन्जपासून सोडावा, चाकांना ओंडके लावावेत, बॅटरी काढावी, स्टॉपची केबल ओढून ठेवावी आणि पुढच्या पुलीच्या नटावर पाना लावून इंजिन फिरवावं. कष्टाचं आहे, पण चुकीच्या रिंगांची वाट पाहत गाडी उभी राहण्यापेक्षा स्वस्त आहे.

या आकड्यांचा खरा उपयोग पार्ट मागवण्यापुरता नाही. समजा मागचा क्राउन-पिनियन सहास एक आहे, टायरचा एक फेरा ३.२ मीटरचा आहे आणि इंजिन २००० आरपीएमवर आहे. टॉप डायरेक्ट असेल तर गाडी ताशी ६४ किलोमीटर जाईल. टॉप ०.८ चा ओव्हरड्राइव्ह असेल तर त्याच आवाजात ८०. चौथा गिअर दीडास एक असेल तर ४३, आणि सव्वास एक असेल तर ५१. ड्रायव्हर इंजिनाच्या आवाजावर आणि गिअरच्या नंबरवर गाडी चालवतो. सेंधव्याहून बिजासन घाट उतरताना किंवा कन्नडहून चाळीसगावकडे येताना त्याने सवयीने चौथा धरला, आणि हा चौथा त्याच्या ओळखीच्या चौथ्यापेक्षा हलका निघाला, तर इंजिन गाडीला तेवढं रोखणार नाही. उरलेला सगळा भार ब्रेकवर जाईल, ड्रम तापतील. ४ जुलै २०२३ रोजी शिरपूर तालुक्यात पळासनेरजवळ आग्रा रोडवर कंटेनर हॉटेलात घुसला आणि किमान दहा माणसं गेली. ब्रेक निकामी झाल्याचं तेव्हा सांगितलं गेलं. त्या अपघाताचा गिअरबॉक्सशी संबंध जोडण्याचं कारण नाही. पण त्या उतारावर भरलेली गाडी कोणत्या गिअरमध्ये किती रोखली जाते, हे ड्रायव्हरला ठाऊक असणं किती मोलाचं आहे, हे सांगायला आणखी वेगळा दाखला लागू नये. बॉक्स बदलला की ड्रायव्हरला शेजारी बसवून गिअरची जागा आणि वेग समजावून सांगणं हा आपल्याच कामाचा भाग आहे. बॉक्स कॉन्स्टंट मेशचा असेल तर डबल क्लच लागतो, हेही. रिव्हर्स कुठे पडतो हे लिव्हरच्या मुठीवर नसेल तर डॅशबोर्डवर रंगाने लिहावं.

तेलाचंही इथेच सांगतो. बॉक्स बदलला म्हणजे तेलाचं माप बदललं. ‘नव्वद नंबर’ एवढ्यावर भागत नाही. मागच्या ॲक्सलच्या हौसिंगमध्ये चालणारं जीएल-५ तेल पितळी सिंक्रो रिंगांच्या अनेक बॉक्सना मानवत नाही, तिथे जीएल-४ लागतं.

आता स्विचांकडे येतो, कारण हरवलेला स्विच हा बॉक्सच्या ओळखीचा सर्वांत दुर्लक्षित पुरावा आहे. बॉक्सच्या झाकणावर रिव्हर्स लाइटचा स्विच असतो, काहींवर न्यूट्रलचाही असतो. बॉक्सवर स्विच आहे पण गाडीच्या वायरिंगमध्ये त्याला जोडायला वायरच नाही, तर बॉक्स बहुतेक नंतरच्या गाडीचा. उलट बॉक्सजवळ दोन वायरी टेप गुंडाळून लोंबताहेत आणि झाकणावर स्विचला जागाच नाही, तर मूळ बॉक्स गेला, हा दुसरा आला. तिसरा प्रकार सर्वांत वाईट. स्विचच्या आट्यांत साधा बोल्ट पिळून भोक बंद केलेलं असतं. बोल्ट लांब असला तर तो सिलेक्टरच्या दांड्याला अडतो. काही बॉक्समध्ये स्विचखाली गोळी असते, ती स्विच काढताना पडून हरवलेली असते. गिअर जड पडतो म्हणून झाकण उतरवण्याआधी हा एक बोल्ट काढून पाहावा.

डॅशबोर्डवरच्या रिकाम्या भोकांचं वाचन असंच करता येतं. भोकाचा व्यास, कडेची खाच, मागे येणाऱ्या वायरींची संख्या, फ्यूज बॉक्समधलं कोणतं घर मुकं आहे, यांवरून स्विच कशाचा होता हे बरंचसं ठरतं. बॉशच्या पद्धतीच्या रिले-स्विचांवर आकडे कोरलेले असतात. ३० म्हणजे बॅटरीतून थेट, १५ म्हणजे चावीनंतरचा, ३१ अर्थ, ५० स्टार्टर, ५४ ब्रेक लाइट, ५८ पार्किंग, ५६अ आणि ५६ब अपर-डिपर, ४९ फ्लॅशर. लेलँडसारख्या ब्रिटिश परंपरेच्या गाड्यांत रंग बोलतात. तपकिरी बॅटरीचा, पांढरा चावीचा, निळा हेडलाइटचा, लाल पार्किंगचा, काळा अर्थ. पण जळगाव-भुसावळच्या पंचेचाळीस अंशांच्या उन्हाळ्यात वायरींचं आवरण तडकतं, आणि दहा वर्षांत गाडीत तीन वायरमनांचे तीन रंग येतात. रंग ही सुरुवात समजावी, खात्री टेस्ट लॅम्पने करावी. त्यातही आधी बॅटऱ्या पाहून १२ व्होल्ट की २४ हे ठरवावं आणि त्या व्होल्टचा २१ वॅटचा बल्ब वापरावा. कुजलेली वायर मीटरवर पूर्ण व्होल्ट दाखवते, बल्ब मात्र पेटवू शकत नाही. ईसीयू असलेल्या नव्या गाडीत हा बल्ब लावू नये, तिथे मीटरच बरा.

सगळे स्विच एकदम बसवायला मालकाकडे पैसे नसतात, हे आपल्याला माहीत आहे. म्हणून क्रम आपण सांगावा. ब्रेक लाइटचा आणि हवा उतरल्याचा इशारा देणारा, हे दोन आधी. दोन्ही हवेच्या दाबावर चालणारे असतात, तिथे साधा टॉगल लावून वेळ मारून नेऊ नये. तपासणी सोपी आहे. चाकांना ओंडके, इंजिन बंद, चावी चालू, ब्रेक दाबत दाबत टाकीतली हवा उतरवायची. काटा लाल भागाकडे येतो तेव्हा बझर वाजलाच पाहिजे. अनेक जुन्या गाड्यांत तो वाजत नाही, कारण आवाजाचा त्रास होतो म्हणून कुणीतरी वायर तोडलेली असते. ती जोडल्याशिवाय गाडी गॅरेजबाहेर काढू नये, मालक कितीही घाईत असला तरी. आठ वर्षांवरच्या मालवाहू गाडीचं पासिंग दर वर्षी असतं. तिथे हे निघेलच, पण पासिंगच्या दिवसापुरता जोडलेला बझर घाटात कामाचा नाही.

बॉक्स ओळखला, आकडे मिळाले, की ते गॅरेजच्या वहीत उतरवून तिथेच थांबू नये, वही गाडीबरोबर जात नाही. पत्र्याच्या पट्टीवर पंचने बॉक्सचं नाव, प्रत्येक गिअरचं प्रमाण, तेलाचा प्रकार आणि माप, बसवल्याची तारीख ठोकावी आणि ती पट्टी ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीला रिव्हेट करावी. वायरिंगमध्ये बदल केला असेल तर त्याचा हाताने काढलेला नकाशा प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून फ्यूज बॉक्सच्या झाकणामागे ठेवावा. पुढच्या अंकापासून आम्ही दोन पानं यासाठी राखून ठेवत आहोत. आपल्याकडे उघडलेल्या जुन्या बॉक्सचा कास्टिंग नंबर, मोजलेले दात, इनपुटच्या स्प्लाइनची संख्या आणि झाकणावरच्या स्विचांच्या जागा, एवढं एका कागदावर लिहून सोबत स्वच्छ फोटो पाठवा. गाडीचा नंबर आणि मालकाचं नाव नको. धुळे, जळगाव, नंदुरबार तिन्ही जिल्ह्यांतून आलेली माहिती ताडून पाहून तक्ता छापू, आणि ज्या नोंदी एकमेकींशी जुळणार नाहीत त्या वेगळ्या दाखवू.