स्वतःच्या घराचें कुलूप

आपल्या विद्यार्थ्यांनीं संगणक केवळ वापरावा कीं तो आंतून समजून घ्यावा, हा प्रश्न पालकवर्गांत पुष्कळदां निघतो. मुलगा लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून यंत्र जुळवूं लागला, तर वडील कौतुक करतात. पण त्यांतील ऑपरेटिंग सिस्टिमहि तो स्वतः रचूं लागला, म्हणजे ‘हे नसते उद्योग कशाला?’ असें ऐकूं येतें. या उद्योगांत धोका आहे, हें आम्हांस मान्य आहे. तरी तो सोडूं नये, नीट शिकवावा, असें आमचें मत आहे. त्यास कारण झालेली हकीकत येथें सांगतों.

लालबागच्या चाळींत राहणारा आमच्या परिचयाचा एक विद्यार्थी ‘लिनक्स फ्रॉम स्क्रॅच’ हें पुस्तक पुढें ठेवून आपली प्रणाली रचीत होता. जेरार्ड बीकमन्स यांनीं सन १९९९ मध्यें सुरू केलेल्या या उपक्रमांत प्रत्येक भाग मूळ संहितेपासून स्वतः बांधावा लागतो. परक्यानें माहिती वाचूं नये म्हणून त्यानें सबंध डिस्कला ‘लक्स’ पद्धतीचें कुलूप घातलें. पण यंत्र पुन्हां सुरू करतांच तें अर्ध्या वाटेवर थबकलें. परवलीचा शब्दसुद्धां त्यानें विचारला नाहीं! दुर्दैवानें त्याच डिस्कवर त्याच्या दिवंगत आजोबांच्या भजनांचीं ध्वनिमुद्रणें होतीं आणि त्यांची दुसरी प्रत नव्हती. एका दुकानदारानें डिस्क पुसून नवी प्रणाली घालण्याचा सल्ला दिला. घरची मंडळीहि कबूल होण्याच्या बेतांत होतीं. तेवढ्यांत मुलगा आमच्याकडे आला.

आम्हीं त्यास एकच सांगितलें: आधीं कांहींहि पुसूं नकोस, यंत्र नेमकें कोठें अडलें तें पाहा. पेनड्राइव्हवरील दुसऱ्या लिनक्सनें यंत्र सुरू करून त्यानें परवलीचा शब्द दिला, तों डिस्क उघडली! म्हणजे माहिती शाबूत होती. लगेच त्यानें ध्वनिमुद्रणांची प्रत दुसऱ्या डिस्कवर काढली आणि कुलपाच्या शिरोभागाचीहि, म्हणजे ‘हेडर’ची, प्रत ठेविली. मगच तो दोष शोधावयास बसला.

दोष मोठा गमतीचा होता. कपाटाची किल्ली कपाटांतच ठेवून दार लावावें, तसें झालें होतें. डिस्क उघडणारें ‘क्रिप्टसेटअप’ हें साधन कुलूपबंद डिस्कच्याच आंत होतें. अशा वेळीं कुलपाबाहेर ‘इनिट्रॅमएफएस’ नांवाची एक लहानशी देवडी लागते. तींत हें साधन व त्यास लागणारीं उपसाधनें ठेवावीं लागतात, आणि कर्नलमध्यें ‘डीएम-क्रिप्ट’ हा भाग असावा लागतो. तयार प्रणाली ही देवडी आपण होऊन बांधतात. स्वतः रचणाऱ्यास ती स्वतःच बांधावी लागते. आमच्या विद्यार्थ्यानें ती बांधली होती, पण साधन आंत ठेवावयास तो विसरला होता.

ती चूक सुधारल्यावर यंत्रानें परवलीचा शब्द विचारला खरा, पण दिलेला शब्द तें नाकारूं लागलें. पुष्कळ वेळानें उलगडा झाला. त्यानें शब्द मोठ्या अभिमानानें मराठींत, देवनागरी कळफलकावर, ठेविला होता. आणि देवडीस इंग्रजी कळफलकाखेरीज दुसरा ठाऊक नव्हता. लक्सच्या दुसऱ्या आवृत्तींत एका कुलपास बत्तीसपर्यंत निरनिराळे परवलीचे शब्द देतां येतात. त्यानें रोमन अक्षरांतील दुसरा शब्द जोडला आणि दार उघडलें.

यावरून पालकांनीं मुलास असल्या खटपटींपासून दूर ठेवावें काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. कुलपाच्या आंत काय घडतें हें जो एकदां पाहतो, तो दुकानदाराच्या एका शब्दावर घरची ठेव पुसूं देत नाहीं. मात्र कुलूप चोरापासून रक्षण करतें, डिस्क बिघडण्यापासून नव्हे, हें मुलांनीं ध्यानांत ठेवावें. खरी किल्ली शिरोभागांत सांकेतिक रूपानें असते व परवलीचा शब्द ती फक्त मोकळी करतो. म्हणून शिरोभाग नष्ट झाला व त्याची प्रत नसली, तर बरोबर शब्द असूनहि उपयोग नाहीं. आणि शब्दच विसरला, तर कोणताहि कारागीर तें कुलूप उघडून देणार नाहीं.

म्हणून विद्यार्थ्यांनीं असें काम करतांना वही जवळ ठेवावी, एका वेळीं एकच बदल करावा व त्याचा परिणाम लिहून मगच पुढें जावें. प्रयोगाची डिस्क निराळी आणि घरची ठेव निराळी असावी. पालकांनीं रागें भरण्याऐवजीं, कुलूप घालण्यापूर्वीं, दोनच प्रश्न विचारावे: दुसरी प्रत कोठें आहे? आणि ती उघडून पाहिलीस काय? या विद्यार्थ्यास हे प्रश्न आधीं कोणीं विचारले नव्हते, आम्हींहि नाहीं. त्या रात्रीं आजोबांचें भजन त्या खोलींत पुन्हां ऐकूं आलें. आतां त्याच्या तीन प्रती आहेत, आणि त्यांपैकीं एक त्याच्या आजीच्या ताब्यांत आहे.