साखर मोजता, हिरड्याही पाहा

३० वर्षांवरील प्रत्येकाच्या मधुमेह तपासणीत हिरड्यांची तपासणी सक्तीची करावी, अशी आमची ठाम भूमिका आहे. त्याच तपासणीत कर्करोगाच्या शंकेने तोंड उघडायला सांगतातच. मग हिरडीतून येणारे रक्त का पाहू नये?

मधुमेह आटोक्यात नसेल तर हिरड्यांच्या गंभीर आजाराचा धोका सुमारे तिप्पट होतो आणि हिरड्यांतला दाह उलट साखर चढवतो. भंडारा जिल्ह्यात सानगडी-साकोलीकडे त्यात खर्ऱ्याची भर पडते. पन्नीत घोटलेली सुपारी, तंबाखू, चुना तासन्‌तास गालात राहतो. तिथली हिरडी मागे सरते, दाताचे मूळ उघडे पडते. विडी ओढणाऱ्याच्या हिरडीतून तर रक्तही कमी येते, म्हणून दुखणे लपते. हललेला दात काढला की प्रश्न मिटला असे घरोघरी मानतात. साखर तपासायचे मात्र राहून जाते, आणि आम्हाला खरी काळजी याचीच वाटते.

गुटखाबंदी २०१२ पासून आहे. तरीही खर्रा पानठेल्यावर उघड घोटला जातो. जिल्हा आरोग्य विभागाने आशाताईंच्या तपासणी अर्जात हिरड्यांचा रकाना तातडीने घालावा आणि दात हलणाऱ्या प्रत्येक प्रौढाची साखर त्याच दिवशी तपासावी.