शुश्रूषेचा हिशेब

रुग्ण घरी परतला की आजारपण संपले, अशी आपली एक समजूत असते. हाडाच्या जखमेबाबत ती बहुधा खरी ठरते. मेंदूच्या जखमेबाबत नाही. टाके निघतात, आप्तेष्ट भेटून जातात आणि मग खरे दुखणे सुरू होते. त्या दुखण्यात परिचारिका, शिक्षक आणि पहारेकरी या तिन्ही भूमिका एकाच माणसावर येतात. तो माणूस म्हणजे रुग्णाची पत्नी किंवा पती. या श्रमांना आपल्या कोणत्याही जमाखर्चात रकाना नाही.

प्रस्तुत लेखक अर्थशास्त्र शिकवतो. पण हा धडा त्यास ग्रंथांत मिळाला नाही. तीन वर्षांपूर्वी तुळजापूरच्या रस्त्यावर गतिरोधकावरून दुचाकी उसळली आणि मागे बसलेली पत्नी डोक्यावर पडली. हेल्मेट लेखकाच्या डोक्यावर होते, तिच्या नव्हते. मोटार वाहन कायद्याचे १२९ वे कलम मागे बसणारालाही हेल्मेट सक्तीचे करते, हे त्या दिवशीही लेखकास ठाऊक होते. सोलापुरात शस्त्रक्रिया झाली, नऊ दिवसांनी शुद्ध आली, जीव वाचला. घरी आली ती मात्र निराळी. भाषेची केंद्रे बहुतेकांच्या मेंदूत डाव्या बाजूस असतात. तेथे इजा झाली की वस्तू ओळखू येते, तिचे नाव सापडत नाही. तांब्या मागायचा असता तोंडून किल्ली निघते. मेंदूच्या पुढील भागास मार बसला की राग आवरत नाही, किंवा कशातच गोडी उरत नाही. नातलग त्याला स्वभाव म्हणतात. तो स्वभाव नव्हे, जखम आहे, हे स्वतःलाच दिवसातून दहादा बजावावे लागते.

शिकवण्याचा पेशा येथे आडवा आला. ती अडखळली की तिचे वाक्य पुरे करण्याची लेखकास घाई. वाचोपचार करणाऱ्या बाईंनी एकदा स्पष्टच सांगितले, “सर, पेपर त्यांचा आहे, तुम्ही सोडवू नका.” तेव्हापासून थांबणे शिकावे लागले. एका वेळी एकच सूचना, दिवसाचा क्रम ठरलेला, दुपारी न चुकता विश्रांती, झटक्यांची गोळी वेळेवर. आणि साडीच्या निऱ्या तिच्या तिनेच घालायच्या, मग अर्धा तास लागो. सुधारणेचा वेग पहिल्या सहा महिन्यांत अधिक असतो, पण ती पुढेही वर्षानुवर्षे चालू राहू शकते. सांभाळणाऱ्याने दमून चालत नाही, ते यामुळेच.

या काळात लेखकाचे कौतुक पुष्कळ झाले. पुरुष असून बायकोची वेणी घालतो! आमच्याच गल्लीत एक भगिनी चार वर्षांपासून पतीची हीच सेवा करीत आहेत. त्यांना कोणी धन्य म्हटल्याचे ऐकिवात नाही. २०१९ च्या राष्ट्रीय वेळवापर सर्वेक्षणानुसार विनामोबदला घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाकाठी सरासरी २९९ मिनिटे देतात, पुरुष ९७. कौतुकाचे कारण या आकड्यांतच आहे.

शिवाय लेखकास पगार आहे. भूम-वाशीकडून कारखान्यावर ऊसतोडीस जाणाऱ्या जोडप्याचे काय? तेथे नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’ धरला जातो आणि उचलही त्या जोडीवरच मिळते. एकाच्या डोक्यास मार लागला की दुसऱ्याचीही मजुरी बुडते, कारण रुग्णाला कोपीत एकटे टाकून फडात जाता येत नाही. उचल मात्र फिटायची राहते. महात्मा फुले जन आरोग्य योजनेचा आधार मोठा आहे, पण तिचा भर रुग्णालयातील उपचारांवर आहे.

पिगू या अर्थशास्त्रज्ञाने दाखवलेली विसंगती आम्ही वर्गात गमतीने सांगतो: गृहस्थाने आपल्या मोलकरणीशी लग्न केले की राष्ट्रीय उत्पन्न घटते. शुश्रूषेचेही तसेच. नेमलेल्या बाईने केली तर उत्पन्न, पत्नीने केली तर शून्य. न्यायालयांनी मात्र हा हिशेब मांडला आहे. अपघातात मेंदूस जबर इजा झालेल्या एका मुलीच्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली दोन मदतनीसांचे दरमहा प्रत्येकी ५,००० रुपये धरून, १८ या गुणकाने, केवळ शुश्रूषेपोटी २१ लाख ६० हजार रुपये मंजूर केले. पण अशी भरपाई मागण्यास समोर दोषी वाहन लागते. गतिरोधकावर आपटलेल्याने कोणाकडे मागावे?

तरतूद नाही असे नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या २४ व्या कलमात, अधिक साहाय्याची गरज असणाऱ्यांसाठी काळजीवाहक भत्ता नमूद आहे. त्यास ‘आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत’ ही नेहमीची शेपटीही आहे. केरळात ‘आश्वासकिरणम’ योजनेने दरमहा ६०० रुपये ठरवले. रक्कम तुटपुंजी, पण नोंद तरी झाली. ब्रिटनमध्ये असा भत्ता १९७६ मध्ये आला, तेव्हा विवाहितांना वगळले होते, कारण त्या घरीच असणार! ती चूक सुधारण्यास १९८६ उजाडावे लागले. आपणही बहुधा त्याच समजुतीवर विसंबून आहोत.

रजेचे पाहा. राज्य शासनाने २०१८ साली १८० दिवसांची बालसंगोपन रजा दिली आणि पत्नी असाध्य आजाराने अंथरुणास खिळली असल्यास पुरुषासही ती लागू केली. स्तुत्य, पण ती रजा मुलांसाठी. अंथरुणावरील पत्नीसाठी अर्जित रजा संपवावी, मग अर्धवेतनी, मग बिनपगारी. बालसंगोपनाच्या धर्तीवर जोडीदाराच्या पुनर्वसनासाठी १८० दिवस देणे शासनास अशक्य नाही. दुसरी मागणी याहून साधी. वाचोपचारासाठी दर आठवड्यास सोलापूर गाठणे नोकरदारालाही जड जाते, कोयतेवाल्यास ते अशक्यच. धाराशिवात आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे; तेथून उमरगा, कळंब, परंडा या ठिकाणी महिन्यातून निदान दोन ठरलेल्या दिवशी भौतिकोपचार आणि वाचोपचार करणारी माणसे पाठवावीत, आणि त्या दिवशी रुग्णासोबत आलेल्या माणसाचीही प्रकृती तपासावी.