गोठ्यामागचा जुना टिलर भंगारात घालण्यापूर्वी



ब्रह्मपुरी, नागभीड, सिंदेवाही, मूल, सावली किंवा वैनगंगेपलीकडे वडसा, आरमोरी, कुरखेडा. या धानपट्ट्यातल्या कुठल्याही मोठ्या गावात एक फेरी मारून बघा. गोठ्यामागे, ताडपत्रीखाली, एखादा जुना पॉवर टिलर नाहीतर छोटा ट्रॅक्टर उभा दिसतो. पत्रा गंजलेला, पट्टे गायब, डिझेलच्या टाकीत कोळ्याचं जाळं. घरमालक भंगारवाल्याची वाट बघत असतो. माझं म्हणणं एवढंच आहे की भंगारवाल्याआधी तिथे शाळेने जावं.

ही छोटी यंत्रं आपल्याकडे का टिकली?

आपल्या बांध्या लहान. धुरा ओलांडून एका बांधीतून दुसऱ्या बांधीत उतरायचं, चिखलात वळायचं, कोपऱ्यापर्यंत जायचं. मोठा ट्रॅक्टर तिथे रुततो किंवा धुरा फोडतो. म्हणून दोन चाकांचा, दांडे धरून मागे चालत चालवायचा टिलर चिखलणीला सोयीचा पडतो. भातशेतीच्या जपानमध्ये हे यंत्र रुळलं आणि तिथूनच ते आपल्याकडे आलं. 1967 साली बंगळूरमध्ये व्हीएसटी कंपनी जपानच्या मित्सुबिशीच्या सहकार्याने उभी राहिली. पुढे 1973 मध्ये केरळ सरकारची कामको ही कंपनी सुरू झाली.

अमेरिकेत 1961 साली इंटरनॅशनल हार्वेस्टर कंपनीने ‘कब कॅडेट’ हा बागेतला छोटा ट्रॅक्टर आणला. तिथे आजही लोक अशी जुनी यंत्रं शोधून आणतात, खोलतात, रंगवतात आणि हौसेने मिरवतात. आपल्याकडे ही हौस नाही, गरज आहे. पाऊस आला, परहे तयार झाले आणि नेमका टिलर बंद पडला, तर दुरुस्तीला लागलेला प्रत्येक दिवस महाग जातो. परहे जून होतात, रोवणी लांबते, उतारा घटतो. भामरागड किंवा एटापल्लीच्या शेतकऱ्याला तर एका छोट्या सुट्या भागासाठी किती लांब जावं लागतं, ते तुम्ही जाणताच. अशा वेळी गावात एक जाणता मिस्त्री असणं ही केवढी मोठी गोष्ट आहे!

यंत्र उघडलं की पुस्तक उघडतं

आता वर्गाकडे येऊ. आठवीच्या गणितात चलनाचा धडा आहे. व्यस्त चलन शिकवताना आपण ‘इतके मजूर, इतके दिवस’ हीच उदाहरणं देतो. टिलरवर इंजिनची फिरकी पट्ट्याने गिअरपेटीकडे जाते. समजा, इंजिनवरच्या पुलीचा व्यास 12 सेंमी आहे आणि गिअरपेटीवरच्या पुलीचा 24 सेंमी. इंजिनचे मिनिटाला 2000 फेरे झाले, तर पलीकडे 1000 होतील. वेग निम्मा झाला आणि फिरवण्याचा जोर साधारण दुप्पट झाला. चिखलात चाक कशामुळे फिरतं, ते मुलांना एका मिनिटात समजतं.

वृत्तचितीचं घनफळ शिकवायचंय? सिलिंडर समोर ठेवा. आतला व्यास 10 सेंमी आणि पिस्टनची धाव 10 सेंमी धरली, तर घनफळ सुमारे 785 घनसेंमी येतं. इंजिनच्या पाटीवर ‘सीसी’ लिहिलेलं असतं ते हेच. शक्तीचं एकक शिकवायचंय? एक अश्वशक्ती म्हणजे सुमारे 746 वॅट. 13 अश्वशक्तीचा टिलर म्हणजे जवळजवळ 9700 वॅट. घरातली हजार वॅटची इस्त्री आणि हा टिलर यांची तुलना मुलांनाच करू द्या.

विज्ञानाचं तर विचारूच नका. डिझेल इंजिनला स्पार्क प्लग नसतो, मग डिझेल पेटतं कसं? आत घेतलेली हवा साधारण सोळाव्या-अठराव्या हिश्शात दाबली जाते. ती इतकी तापते की फवारलेलं डिझेल आपोआप पेट घेतं. सायकलला हवा भरताना पंपाचं टोक गरम लागतं, हे प्रत्येक मुलाने अनुभवलेलं असतं. तिथून सुरुवात केली की हा मुद्दा पाठ करावा लागत नाही. गंज चढलेली टाकी म्हणजे क्षरणाचा पाठ. धुराचा रंग म्हणजे निदानाचा पाठ. काळा धूर आला तर बहुधा हवा कमी पडतेय किंवा डिझेल जास्त जातंय. निळा आला तर ऑइल जळतंय. पांढरा धूर बराच वेळ राहिला तर डिझेल नीट जळत नाही किंवा आत पाणी शिरतंय.

पण खरा धडा यापुढचा आहे

चांगला मिस्त्री यंत्र आल्याबरोबर पाना उचलत नाही. आधी विचारतो : कधी बंद पडलं? बंद पडताना आवाज कसा होता? मग टाकीत डिझेल आहे का, गाळणी तुंबली का, नळीत हवा शिरली का, असं सोप्याकडून अवघडाकडे जातो. एका वेळी एकच गोष्ट बदलतो, म्हणजे कशाने फरक पडला ते समजतं. खोललेले नट-बोल्ट ज्या क्रमाने काढले त्याच क्रमाने मांडून ठेवतो. गंजून जाम झालेल्या बोल्टवर ताकद लावण्याऐवजी रॉकेल किंवा डिझेल सोडून रात्रभर थांबतो. निरीक्षण, अंदाज, पडताळा, नोंद आणि धीर. प्रयोगवहीत आपण हेच तर लिहून घेतो ना?

आपल्याच नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे आठवा. शिक्षण तिसरीपर्यंत. धानाच्या बांधीत वेगळ्या दिसलेल्या लोंब्या त्यांनी बाजूला काढल्या, वर्षानुवर्षं लावून पाहिल्या आणि त्यातून एचएमटी हे धानाचं वाण उभं राहिलं. त्या काळी घराघरांत पोहोचलेल्या एचएमटी घड्याळावरून त्याचं नाव पडलं. गंमत बघा, त्याच एचएमटीने 1971 पासून झेटरच्या तंत्रज्ञानाने 25 अश्वशक्तीचे ट्रॅक्टरही बनवले होते. दादाजींना 2005 साली राष्ट्रपती अब्दुल कलाम यांच्या हस्ते सन्मान मिळाला. नीट पाहणारा माणूस किती शिकलेला आहे, याची पडताळणी निसर्ग करत नाही. यंत्रही करत नाही.

आणि आपण? ‘अभ्यास केला नाहीस तर गॅरेजमध्ये पाने उचलशील’ असं मुलांना धमकावतो. दसऱ्याला ट्रॅक्टरला झेंडूची माळ घालतो, पण तो चालू ठेवणाऱ्या माणसाला शाळेच्या कार्यक्रमात कधी खुर्ची देत नाही. मुलं हे सगळं टिपत असतात. हाताचं काम कमी दर्जाचं, हे त्यांना आपणच शिकवतो.

खरं तर ही वाट आपल्या विदर्भातूनच निघाली. 1937 साली वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी हाताच्या कामातून शिक्षणाचा, म्हणजे नई तालीमचा विचार मांडला. 1983 मध्ये डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी पुणे जिल्ह्यातल्या पाबळला विज्ञान आश्रम सुरू केला आणि काम करत शिकण्याची पद्धत ग्रामीण शाळांपर्यंत नेली. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही सहावी ते आठवीच्या मुलांनी दहा दिवस दप्तराविना, स्थानिक कारागिरांसोबत शिकावं असं म्हटलं आहे. वाट मोकळी आहे, चालायचं आपण.

पालकांच्या शंका

‘पोराचं बोट गेलं तर?’ ही भीती रास्त आहे. म्हणून नियम कडक हवेत. इंजिन बंद आणि थंड असतानाच मुलांनी जवळ जायचं. सुरू करायचं हँडल फक्त मोठ्यांनी फिरवायचं, कारण ते उलटा झटका देऊ शकतं. यंत्र चालू असताना पट्ट्यापासून आणि रोटरीच्या पात्यांपासून दूर राहायचं. ओढणी, सैल बाह्या, मोकळे केस चालणार नाहीत. आणि मुलांना शिकायला नेतोय, फुकटच्या मजुरीला नाही, ही रेषा शिक्षकाने कधीच पुसू द्यायची नाही.

‘यात मार्क किती?’ हा दुसरा प्रश्न. वर सांगितलेले धडे परीक्षेतलेच आहेत. आणि हो, मुलींना वगळू नका. घरची रोवणी आया-बहिणींच्या हातांनी होते, मग यंत्र फक्त मुलांचंच का?

प्रत्येक जुना टिलर जगवायलाच हवा, असंही नाही. गिअरपेटीचं कवच तडकलं असेल, सुटे भाग मिळतच नसतील, तर खर्च वाया जातो. पण हा निर्णयसुद्धा हिशेब मांडून घ्यावा. दुरुस्ती किती, भंगाराचे किती, भाड्याने टिलर आणला तर हंगामाला किती? हे गणित सातवी-आठवीच्या मुलांना नक्की जमतं. आणि न जगणारं यंत्रही खोलून बघायला शाळेच्या कामी येतंच.

मग करायचं काय?

दप्तराविना दिवसांपैकी दोन दिवस यासाठी ठेवा, शक्यतो रोवणीचा हंगाम सोडून, म्हणजे मिस्त्रीदादांना सवड असेल. पहिल्या दिवशी मुलांनी यंत्राचं चित्र काढावं, भागांना नावं द्यावीत, मालकाकडून त्याचा इतिहास विचारून लिहावा. मिस्त्री वापरतात तीच नावं आधी लिहा, पुस्तकातली शेजारी. दुसऱ्या दिवशी मिस्त्रीदादांनी खोलून दाखवावं, मुलांनी प्रश्न विचारावेत. त्यांना दिवसाचा मोबदला द्या, मानाने वर्गात बोलवा आणि फळ्यावर त्यांचं नाव ‘आजचे शिक्षक’ म्हणून लिहा.

तुमच्या गावात असं यंत्र कुणाच्या अंगणात आहे? उद्या परिपाठात मुलांनाच विचारा. चार हात तरी नक्की वर येतील.