क्लच कुणाच्या बापाचा?

बीएमडब्ल्यूने 2003 साली एम3 सीएसएल नावाची गाडी काढली. पुरते चौदाशे नगही बनले नाहीत. छत कार्बन फायबरचं, इंजिन 8000 आरपीएमपर्यंत ओरडणारं, वजन नेहमीच्या एम3पेक्षा शंभरेक किलोने कमी. आणि क्लचचं पेडल? नाही. जादा पैसे मोजतो म्हटलं तरी नाही. आज तिचे काही मालक हे तिसरं पेडल स्वतःच्या खर्चाने बसवून घेतात आणि जगभरचे गाडीवेडे असे काही किंचाळतात, की जणू कुणी अजिंठ्याच्या लेण्यात डिस्टेंपर मारला.

मी डिस्टेंपर मारणाऱ्यांच्या बाजूने आहे.

ज्यांनी आयुष्यात फक्त अ‍ॅक्टिव्हा चालवली आहे त्यांच्यासाठी थोडं थांबतो. इंजिन सतत फिरत असतं, चाकं मात्र कधी थांबलेली, कधी पळणारी. या दोघांचं नातं हवं तेव्हा तोडायचं आणि हळूच जोडायचं काम क्लच करतो. नातं तोडलेलं असतानाच गिअर बदलायचा. मॅन्युअलमध्ये हे डाव्या पायाने आणि (आपल्याकडे) डाव्या हाताने होतं. ऑटोमॅटिक म्हणजे हे काम दुसरं कुणीतरी करतं. पण 'ऑटोमॅटिक' या एका शब्दाखाली तीन-चार पूर्णपणे वेगळी यंत्रं दडलेली आहेत, आणि सगळा वाद तिथेच नासतो.

सीएसएलमध्ये जे होतं त्याला कंपनी एसएमजी म्हणायची. साध्या एम3वर तेच जादा पैसे भरून मिळायचं. आत काय होतं? गेट्रागचा सहा गिअरचा मॅन्युअल गिअरबॉक्स. दाते तेच, गुणोत्तरं तीच, मागच्या डिफरेन्शियलचा 3.62 हा आकडाही तोच. फरक एवढाच, की त्यावर एक हायड्रॉलिक पंप, काही व्हॉल्व्ह आणि एक कॉम्प्युटर बसवला होता. तुम्ही स्टिअरिंगमागची पट्टी बोटाने ओढायची, मग तो रोबो तुमच्या वतीने क्लच दाबणार, गिअर टाकणार, क्लच सोडणार. (पॅडल बोटाचं, पेडल पायाचं. देवनागरीत एका मात्रेचा फरक आहे, पण भांडण सगळं त्यावरच.)

म्हणजे 'मूळ गाडी मॅन्युअल नव्हती' हे वाक्यच लंगडं आहे. गिअरबॉक्स मॅन्युअलच होता. मधे एक मध्यस्थ बसवला होता आणि त्याची दलाली गिऱ्हाइकाकडून घेतली होती. मालक आता त्या मध्यस्थाला निरोप देतोय. यात विटाळ कसला?

या मध्यस्थाचं घराणं मोठं आहे, हे मान्य. 1989 साली जॉन बर्नार्डने फेरारीच्या 640 या फॉर्म्युला वन गाडीत स्टिअरिंगमागे पॅडल लावली आणि नायजेल मॅन्सेलने ती पहिल्याच शर्यतीत, ब्राझीलमध्ये, जिंकून दाखवली. रेसिंगमध्ये याला भक्कम कारण होतं. हात स्टिअरिंगवरून सुटत नाही आणि गिअरच्या लांबलचक दांड्याला अरुंद कॉकपिटमध्ये जागा ठेवावी लागत नाही. 1997मध्ये फेरारीने तेच सोंग एफ355मधून रस्त्यावर आणलं. मग 360 आली, एफ430 आली, 599 आली. दर पिढीत क्लचवाल्या गाड्या कमी होत गेल्या. 599च्या जेमतेम 30 गाड्या मॅन्युअल बनल्या असं धरलं जातं. 2009ची 458 इटालिया आली तेव्हा तिसरं पेडल यादीतूनच गेलं होतं.

आता मजा बघा. फेरारीला ही हायड्रॉलिक्स पुरवणारी कंपनी मॅग्नेटी मारेली. 2014 साली मारुतीने सेलेरिओमध्ये भारतातली पहिली स्वस्त एएमटी आणली, तिचं तंत्रही मॅग्नेटी मारेलीचं. मॅन्युअल गिअरबॉक्स, वर रोबो. तुमच्या काकांची सेलेरिओ दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना तुमची मान जी पुढे-मागे डोलते ना, तीच मान एफ355मधल्या कोट्यधीशाचीही डोलायची. सेलेरिओत ती डोलणं मी हसत सोसतो, कारण सिंहगड रोडच्या ट्रॅफिकमध्ये डाव्या गुडघ्याला सुट्टी मिळते आणि त्यासाठी मोजलेले जादा पैसे वसूल होतात. स्पोर्ट्स कारमध्ये का सोसायची? ती गाडी कुठे पोचायला घेतलीच नव्हती. ती चालवायला घेतली होती.

'पण पॅडल वेगवान असतात' हा यावरचा ठरलेला युक्तिवाद. असतात. डबल क्लचचा आधुनिक गिअरबॉक्स (पोर्शचा पीडीके घ्या) कुठल्याही माणसापेक्षा लवकर गिअर बदलतो. तिथे एकी आणि बेकीचे गिअर वेगवेगळ्या शाफ्टवर असतात, एक क्लच सुटतो तोवर दुसरा पकडतो. ते यंत्र खरोखर वेगळं आहे. त्याला नुसतं पेडल लटकवता येत नाही, अख्खा गिअरबॉक्सच बदलावा लागतो. तो खटाटोप कुणी करत असेल तर त्याच्या धाडसाला नमस्कार, पण माझा मुद्दा तो नाही. माझा मुद्दा त्या मधल्या पिढीचा आहे, जिला ना डबल क्लचचा वेग मिळाला ना क्लचची मजा. आणि तसंही, वेगच हवा असेल तर आज एखादी बऱ्यापैकी इलेक्ट्रिक गाडी या सगळ्यांना सिग्नलवर धूळ चारेल. वेगाच्या नावाने एसएमजीचा बचाव करणं म्हणजे कॅल्क्युलेटर आल्यावर लॉग टेबलची बाजू घेणं.

गंमत अशी, की कंपन्यांनाही हे कळलं आहे. पोर्शने 2013मध्ये जीटी3 फक्त पीडीकेसह आणली. लोक चिडले. 2016मध्ये मॅन्युअल असलेली 911 आर काढली, मोजून 991 नग, आणि बाजारात तिच्या किमती अशा उडाल्या, की पुढच्याच वर्षी जीटी3मध्ये क्लच परत आला, तोही जादा पैसे न घेता. टोयोटाने 2019मध्ये नवी सुप्रा ऑटोमॅटिकच आणली आणि तीन वर्षांत मॅन्युअल जाहीर केली. बीएमडब्ल्यूने स्वतःच्या ई60 एम5ला अमेरिकन गिऱ्हाइकांच्या कटकटीमुळे मॅन्युअल दिला, आणि तोही फक्त तिकडेच. आता तर ह्युंदाईच्या आयोनिक 5 एन या इलेक्ट्रिक गाडीत नसलेल्या गिअरचे खोटे झटके सॉफ्टवेअरने दिले जातात. ज्या गाडीला गिअर नाहीत तिने गिअरचं नाटक केलं तर ते 'इनोव्हेशन', आणि ज्या गाडीत खरे गिअर आहेत तिला खरा क्लच दिला तर ती 'भेसळ'. वा!

हे काम नक्की काय असतं ते एकदा बघायला हवं, कारण बऱ्याच जणांना वाटतं, की गॅस कटरने गाडी कापतात. एसएमजीचा पंप, त्याच्या नळ्या, व्हॉल्व्हची वीट काढायची. पेडलचा सांगाडा, क्लचचा मास्टर सिलिंडर, खाली स्लेव्ह सिलिंडर बसवायचा. गिअर निवडणारा आतला दांडा मॅन्युअलवाला घालायचा, वर लिव्हर आणि त्याची जोडणी. क्लच दाबला आहे हे सांगणारा स्विच आणि रिव्हर्सच्या दिव्याचा स्विच वायरिंगमध्ये आणायचा. यातलं बहुतेक सगळं त्याच मॉडेलच्या मॅन्युअल गाडीसाठी कंपनीनेच बनवलेलं असतं.

आणि मग खरा अडसर येतो. तो लोखंडाचा नसतो. इंजिनचा कॉम्प्युटर गिअरबॉक्सच्या कॉम्प्युटरची वाट बघत बसतो. तो आता डब्यात पडला आहे हे त्याला माहीत नसतं. त्याला 'बाबा रे, तू आता मॅन्युअल आहेस' हे सांगावं लागतं, म्हणजे कोडिंग. ई46 एम3च्या काळच्या गाडीत लॅपटॉप आणि एक केबल घेऊन हे करता येतं. पुढच्या काळात गाडीचा एकेक कॉम्प्युटर दुसऱ्याला ओळखपत्र विचारतो आणि ओळखपत्रं देणारा शिक्का कंपनीच्या सर्व्हरवर असतो. मला या विषयात रस आहे तो इथे. लोखंड तुमचं, कर्ज तुमचं, विमा तुमचा, आणि पाय कुठे ठेवायचा याची परवानगी म्युनिकहून.

एसएमजीचा पंप ही या गाड्यांची जगजाहीर दुखरी नस आहे. तो गेला की गाडी उभी. आतले गिअर ठणठणीत, क्लच प्लेट ठणठणीत, आणि गाडी गिअरमध्ये जातच नाही, कारण दलाल आजारी आहे. नवा पंप घालण्याचा खर्च ऐकला की अनेक मालकांना पेडलचा विचार सुचतो. हे लोक परंपरेचे भक्त नाहीत. त्यांना पुढची वीस वर्षं चालेल अशी गाडी हवी आहे आणि गल्लीतल्या हुशार मेकॅनिकला समजेल असं यंत्र हवं आहे. संग्राहकांचा 'ओरिजिनॅलिटी'चा आग्रह या माणसाला सांगतो, की बंद पडलेली मूळ गाडी चालत्या बदललेल्या गाडीपेक्षा श्रेष्ठ. देव्हाऱ्यातल्या शंखासारखी. फुंकायचा नाही, पुसायचा.

आता माझ्या बाजूच्या लोकांबद्दल, कारण त्यांच्यातही वात आणणारे भरपूर आहेत.

एक जमात 'खरे पुरुष तीन पेडल चालवतात'वाली. यांचे टीशर्ट असतात, स्टिकर असतात. यांना एक दिवस पीएमपीच्या जुन्या बसवर स्वारगेट ते हडपसर ड्रायव्हरच्या सीटवर बसवावं. ज्याला क्लच दाबावाच लागतो त्याला तो दाबण्यात कसलाही पुरुषार्थ दिसत नाही, गुडघा दिसतो. आणि ज्याचा डावा पाय चालत नाही त्याच्यासाठी तीच बोटाची पट्टी म्हणजे गाडी चालवता येण्या-न येण्यातला फरक आहे. माझा आग्रह क्लच श्रेष्ठ असण्याचा नाहीच. यंत्र माणसाला जुळवून घ्यावं आणि ते जुळवण्याचा हक्क चालवणाऱ्याचा असावा, एवढाच आहे.

दुसरी जमात जास्त घातक: भाव बघून पेडल लावणारे. फेरारीची चकचकीत, उघड्या खाचांची गिअरपट्टी असलेली मूळ मॅन्युअल गाडी त्याच मॉडेलच्या पॅडलवाल्या गाडीपेक्षा खूपच महाग विकली जाते. म्हणून स्वस्तातली पॅडलवाली घ्यायची, पेडल लावायचं, फोटोत खाचा झळकवायच्या आणि जाहिरातीत 'रूपांतर' हा शब्द कुठेतरी तळाला टाकायचा किंवा विसरायचा. ही शुद्ध लबाडी आहे, आणि हिच्यामुळे प्रामाणिक काम करणाऱ्यांचं नाव खराब होतं. बदललं असेल तर ठळक लिहा: बदललं आहे, अमुक साली, अमुक गॅरेजने, काढलेले भाग डब्यात सोबत देत आहोत. ज्याला गाडी चालवायची आहे तो यामुळे पळून जात नाही.

हे सगळं आपल्याकडे करायचं म्हटलं तर? मोटार वाहन कायद्याचं कलम 52 उघडा. नोंदणी प्रमाणपत्रातले तपशील कंपनीने मूळ ठरवलेल्या तपशिलांपेक्षा वेगळे होतील असा बदल मालकाने करायचा नाही. केरळहून आलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019मध्ये या कलमाचा अर्थ कडकच लावला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बेकायदा बदलाला दर बदलामागे 5000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, असं ठरवलं. हेतू समजतो. जीपचे सांगाडे आणि छपऱ्या वाट्टेल तशा बदलून रस्त्यावर आणणारे आपण सगळ्यांनी पाहिले आहेत.

पण त्याच कलमात 'बदल' म्हणजे काय याचं स्पष्टीकरण आहे: गाडीच्या मूळ वैशिष्ट्यात फरक पडेल असा रचनेतला बदल. मग ज्या मॉडेलला कंपनीने स्वतः दोन्ही पर्याय विकले, त्यात एकाचं पेडल दुसऱ्याला लावलं तर मूळ वैशिष्ट्य बदललं का? तेच कलम सीएनजी किट बसवायला वाट देतं, अपंग चालकासाठी गाडी जुळवून घ्यायलाही वाट देतं. पेट्रोलच्या गाडीच्या डिकीत दाबाखालच्या वायूची टाकी ठेवलेली चालते. क्लचचं पेडल चालेल का, हे मात्र कलम सांगत नाही, आणि आपल्याकडे कायदा गप्प असला की आरटीओच्या खिडकीवर त्याचा उच्चार 'नाही' असाच होतो.

जर्मनीत, जिथे या एम3 बनल्या, असा बदल करणाऱ्याला तपासनिसाकडे गाडी न्यावी लागते. तो काम तपासतो, पटलं तर मान्यता देतो आणि बदल गाडीच्या कागदांवर चढतो. काम कच्चं असेल तर परत पाठवतो. गाडीचा पुढचा मालक कागद उघडतो आणि त्याला सगळं दिसतं. ज्या दिवशी आपल्या आरसी बुकात अशा नोंदीसाठी एक ओळ येईल, त्या दिवशी छपरी आणि कारागीर यांच्यात फरक करायला पोलिसांना सायलेन्सरच्या आवाजावर अवलंबून राहावं लागणार नाही. तोवर ज्यांच्याकडे अशी गाडी आहे त्यांनी काढलेला पंप भंगारात देऊ नये. तेल काढून, नळ्यांची तोंडं बंद करून, चिठ्ठी लावून माळ्यावर ठेवावा. उद्या नातवाला पॅडल हवीशी वाटली तर त्यालाही कुणाची परवानगी मागायला लागू नये.