महिना चुकतोय

मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर काही मैत्रिणींनी सुचवलंय: नाताळच्या सुट्टीत भारतात जाऊ तेव्हा जव्हार-मोखाड्यात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीचं शिबिर घेऊ, खर्च मंडळ करील. कल्पना उत्तम, महिना मात्र चुकीचा. दिवाळी झाली की तिथली कितीतरी वारली, कातकरी कुटुंबं भिवंडी-वसईकडे वीटभट्ट्यांवर, बांधकामांवर जातात. परततात ती शिमग्याला, नाहीतर पावसाच्या तोंडावर. डिसेंबरात आपण तंबू ठोकू आणि ज्यांना तपासायचं त्या तिशी-चाळिशीतल्या बायका विटा थापत असतील.

महिना पुढे ढकलता येईल, कारण हा आजार सावकाश वाढतो. हा कर्करोग बहुतेक वेळा एचपीव्ही विषाणूमुळे होतो. त्या विषाणूची लागण बहुतेकींची दोनेक वर्षांत आपोआप जाते. जिच्यात तो मुक्काम ठोकतो तिच्या पेशी बदलू लागतात, आणि त्यांचा कर्करोग व्हायला सहसा पंधरा-वीस वर्षं जातात. कोवळ्या वयातलं लग्न, पाठोपाठची बाळंतपणं, तंबाखू, एचआयव्ही यांनी धोका वाढतो. यातलं निम्मं त्या पोरीच्या हातात कधी असतं?

तपासणीला लागतं ते चक्क व्हिनेगर. पातळ आम्ल लावून मिनिटभर थांबलं की बदललेला भाग पांढरा दिसतो. टाटा रुग्णालयाने मुंबईच्या वस्त्यांत दीड लाख बायकांचा अभ्यास केला. तपासणाऱ्या डॉक्टर नव्हत्या, शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेविका होत्या. तरीही या कर्करोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले.

बायकांची खरी भीती पुढची: ‘पिशवी काढतील.’ बीडच्या कितीतरी ऊसतोड कामगार बायकांच्या गर्भपिशव्या काढल्या गेल्या, हे वाचलेल्यांना ती भीती खोटी वाटणार नाही. पण कर्करोगाआधीच्या या बदलांसाठी पिशवी काढायची सहसा गरजच नसते. डाग पूर्ण दिसत असेल, आत गेलेला नसेल आणि कर्करोगाचा संशय नसेल, तर शंभर अंशांच्या आसपास तापवलेली लहानशी सळई पाऊण मिनिटभर टेकवतात. बाई त्याच दिवशी घरी जाते, पुढे तिला मूल होऊ शकतं. डाग आत गेला असेल तर तारेच्या वळ्याने तेवढा भाग कापतात. त्यात नंतरची प्रसूती दिवस भरण्याआधी होण्याचा धोका थोडा वाढतो, म्हणून गरजेपुरतंच कापायचं आणि कोवळ्या वयात सौम्य बदल असेल तर आधी वाट पाहायची.

तेव्हा नुसतं तपासून ‘मोठ्या दवाखान्यात जा’ अशी चिठ्ठी देणारं शिबिर नको. मोखाड्याच्या पाड्यावरून त्या चिठ्ठीवर जायचं म्हणजे बुडालेली मजुरी, एसटीचं भाडं आणि घरी ठेवलेलं लेकरू. तपासणी आणि उपचार एकाच दिवशी व्हायला हवेत, तेही आवणी उरकल्यावर आणि भातकापणीच्या आधी. नेमकी तारीख मात्र आपण इथे बसून ठरवायची नाही. जव्हारच्या पतंगशहा कुटीर रुग्णालयाला आणि तिथल्या आशाताईंना विचारून ठरवायची.

त्या सुमारास, म्हणजे सप्टेंबरात, रजा काढू शकतील अशा डॉक्टर, परिचारिका भगिनींनी पुढच्या बैठकीआधी कार्यवाहांना नाव कळवावं.