रिनोव्हेशन करताय? थ्रीडी फोटोंच्या आधी ही फुकटची साधनं वापरा

२२ सप्टेंबर २०२५ पासून सिमेंटवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. मग घराची दुरुस्ती स्वस्त झाली का? तुमच्या कोटेशनवरून ते कळणारच नाही. कारण आपल्याकडे 'मटेरियलसकट इतके रुपये स्क्वेअर फूट' असा एकच आकडा मिळतो. त्यात सिमेंट किती, मजुरी किती, काहीच दिसत नाही.

अनेकांना वाटतं, काही गडबड झाली तर महारेरा आहे ना! नाही. रेरा कायद्याच्या कलम ३ नुसार, ज्या दुरुस्तीत घरांची विक्री किंवा नवं वाटप नाही, तिची नोंदणीच लागत नाही. म्हणजे तुमच्या किचनच्या कामावर रेराची नजर नाही. इथे आपली काळजी आपणच घ्यायची. सुदैवाने त्यासाठी लागणारी साधनं मोबाइलवर आहेत आणि फुकट आहेत.

भिंतीला हात लावण्याआधी

सध्या खोलीचा फोटो टाकला की एआय अॅप काही सेकंदांत 'ओपन किचन' करून दाखवतं. दिसायला झकास! पण फोटोवरून त्या अॅपला आतला खांब किंवा बीम कसा कळणार? जुलै २०१७ मध्ये घाटकोपरची सिद्धी साई इमारत कोसळून १७ जणांचा जीव गेला. तळमजल्यावरच्या नूतनीकरणात खांबांना धक्का लावल्याचा आरोप झाला होता. म्हणून काहीही तोडण्याआधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा आणि सोसायटीची लेखी परवानगी घ्या.

सोसायटीकडे स्ट्रक्चरल ऑडिटचा रिपोर्टही मागा. आदर्श उपविधींप्रमाणे १५ ते ३० वर्षं जुन्या इमारतीचं ऑडिट दर ५ वर्षांनी आणि त्याहून जुन्या इमारतीचं दर ३ वर्षांनी व्हायला हवं.

माल आल्यावर

'बीआयएस केअर' अॅप घ्या. वायरच्या बंडलवर किंवा सिमेंटच्या गोणीवर आयएसआय चिन्हाजवळ 'सीएम/एल' ने सुरू होणारा नंबर असतो. तो अॅपमध्ये टाकला की कंपनीचं नाव, पत्ता आणि लायसन्स चालू आहे की नाही, ते दिसतं. वायर एकदा भिंतीत गेली की तपासता येत नाही, त्यामुळे हे काम माल उतरल्या दिवशीच करा.

छत स्वतःचं असेल तर

वॉटरप्रूफिंग काढणार असाल तर सोलरचा विचार त्याच वेळी करा, नाहीतर स्टँडसाठी नवं वॉटरप्रूफिंग पुन्हा फोडावं लागेल. 'पीएम सूर्यघर' पोर्टलवर अर्ज करता येतो. ३ किलोवॅट आणि त्यापुढे कमाल ७८,००० रुपये केंद्राचं अनुदान आहे.

काम बिघडलंच तर

१९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. 'ई-जागृती' पोर्टलवरून ग्राहक आयोगाकडे घरबसल्या तक्रार करता येते आणि ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. पण तिथे पुरावा लागतो. तोंडी ठरलेलं आणि रोखीत दिलेलं सिद्ध करणं फार अवघड.

माझं मत स्पष्ट आहे. रिनोव्हेशनमधलं सगळ्यात उपयोगी साधन म्हणजे आयटमवार कोटेशन. कामाचं माप, ब्रँड, दर, जीएसटी आणि कोणत्या टप्प्यावर किती पैसे, हे सगळं त्यात लिहून घ्या. पैसे यूपीआय किंवा चेकनेच द्या. पाइप आणि वायरिंग झाकण्याआधी भिंतीचे फोटो काढून ठेवा. उद्या खिळा ठोकतानासुद्धा ते कामाला येतील!